धाकट्या पातीचा हिस्सा

शेताची वांटणी करणें अवघड खरें. परंतु शेत निदान डोळ्यांपुढें असतें. मोजणीदार येतो, खुणा करतो, बांध पडतो आणि ज्याचें त्यास समजतें. चालत्या धंद्याचें तसें नाहीं. यंत्र अर्धें कापून देतां येत नाहीं, आणि दुकानाच्या नांवलौकिकाचे तुकडे पडत नाहींत. म्हणून धंद्याच्या धन्यांत वितुष्ट आलें म्हणजे बहुधा एकच गोष्ट घडते. ज्याचा हिस्सा मोठा तो धंद्यांत राहतो, आणि ज्याचा हिस्सा लहान त्याच्यापुढें एक कागद व एक आंकडा ठेवण्यांत येतो. "घरचींच माणसें आपण, हिशेब काय पाहावयाचा? एवढे घ्या आणि सही करा." अशा सह्या करणारांत विधवा स्त्रिया, परगांवीं नोकरीस असलेले धाकटे भाऊ आणि परदेशीं गेलेले पुतणे यांचाच भरणा अधिक असतो. सही करण्यापूर्वीं त्यांना कायद्यानें कोणकोणते मार्ग मोकळे ठेवले आहेत, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे. आम्ही वकील नव्हे. परंतु वकिलाच्या पायरीवर चढण्यापूर्वीं काय समजून घ्यावें व कोणते कागद बरोबर न्यावे, इतकें सांगण्यास वकील असावें लागत नाहीं.

हा प्रश्न इंग्रजी कायद्यानेंच प्रथम आमच्याकडे आणला अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नव्हे. मनूनें सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांत 'संभूयसमुत्थान' म्हणजे अनेकांनीं मिळून चालविलेला उद्योग हें एक स्वतंत्र पद आहे. याज्ञवल्क्यानें नफातोटा ज्याच्या त्याच्या भांडवलाच्या प्रमाणांत किंवा ठरावाप्रमाणें वांटावा असें सांगून, कुटिलपणानें वागणाऱ्या भागीदारास नफा न देतां काढून टाकावें असेंहि सांगितलें आहे. जो स्वतः काम करण्यास असमर्थ असेल त्यानें तें दुसऱ्याकडून करवावें, अशीहि सोय तेथें आहे. थोरल्या हिस्सेदारानें धाकट्यास बाहेर काढलें तर किंमत कोणी ठरवावी, हा खरा आधुनिक प्रश्न आहे. कारण कंपनी नांवाची अदृश्य व्यक्ति त्या काळीं निर्माण झालेली नव्हती.

असो. पहिला प्रश्न असा कीं, धंदा आहे तरी कोणत्या जातीचा? 'आमच्या घरची कंपनी' हे शब्द लोक सरसकट वापरतात. पण पाटीवर 'आणि कंपनी' असें रंगविल्यानें कंपनी होत नाहीं. एकत्र कुटुंबाचा धंदा, भागीदारी आणि नोंदलेली कंपनी या तीन निराळ्या वस्तु आहेत आणि तिघींचे दरवाजे निराळे आहेत. १९३२ च्या भागीदारीच्या कायद्याच्या ५ व्या कलमांत स्पष्टच म्हटलें आहे कीं, भागीदारी करारानें उत्पन्न होते, जन्मानें नव्हे. आणि एकत्र हिंदु कुटुंबाचा धंदा चालविणारे कुटुंबीय तेवढ्यावरून भागीदार ठरत नाहींत. तेथें उपाय म्हणजे वांटणीचा दावा. २००५ च्या दुरुस्तीनें मुलींनाहि मुलांप्रमाणें जन्मतः सहदायाद मानलें आहे, आणि त्या दिवशीं बाप हयात असलाच पाहिजे असें नाहीं, हें २०२० सालीं सर्वोच्च न्यायालयानें निश्चित केलें. तेव्हां घरच्या धंद्याची वांटणी करतांना बहिणीचें नांव गाळणाऱ्यांनीं आतां जपून असावें.

भागीदारींत लहान हिस्सेदाराची स्थिति लोक समजतात तितकी वाईट नसते. नित्याच्या कामांत बहुमत चालतें खरें, परंतु धंद्याचें स्वरूप बदलावयाचें असेल किंवा नवा भागीदार घ्यावयाचा असेल, तर उलट करार नसल्यास सर्वांची संमति लागते. हिशेबाच्या वह्या पाहण्याचा व त्यांची नक्कल घेण्याचा हक्क प्रत्येकास आहे, मग त्याचा हिस्सा दोन आणेच कां असेना. बहुमताच्या जोरावर कोणास काढून टाकावयाचें, तर तसा अधिकार करारपत्रांतच दिलेला असला पाहिजे आणि तो सद्‌भावानें वापरला पाहिजे. भागीदारीची मुदत अगर तिच्या समाप्तीची रीत करारांत ठरलेली नसेल, तर ती 'इच्छाधीन' भागीदारी होय. आणि अशा ठिकाणीं सर्वांत लहान भागीदारहि इतर सर्वांस लेखी नोटीस देऊन ती मोडूं शकतो. हें शस्त्र मोठें आहे. थोरल्या भागीदारास पेढी चालू ठेवावयाची असते. ती मोडण्याची भीति निर्माण झाली कीं किंमतीचा आंकडा आपोआप वर सरकतो. शिवाय, निवृत्त झालेल्याचा हिशेब न चुकवितां इतरांनीं त्याचें भांडवल वापरून धंदा चालविला, तर ३७ व्या कलमान्वयें त्यास त्या काळाच्या नफ्यांतील योग्य वांटा किंवा आपल्या रकमेवर दरसाल शेंकडा ६ व्याज, यांपैकीं जें हवें तें मागतां येतें.

येथें महाराष्ट्रापुरती एक गोष्ट सांगावयाची आहे. पेढी नोंदलेली नसेल तर भागीदारास कराराच्या हक्कासाठीं दावा लावतां येत नाहीं, हा सर्व देशाचा नियम. परंतु पेढी मोडण्यासाठीं व मोडलेल्या पेढीच्या हिशेबासाठीं दावा करण्याची मुभा मूळ कायद्यांत आहे. महाराष्ट्रानें १९८४ च्या दुरुस्तीनें ती मुभाहि बहुतांशीं काढून घेतली होती. पंचवीस वर्षें कित्येकांचे हिस्से त्यामुळें अडकून पडले. २००९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ही दुरुस्ती घटनाविरुद्ध ठरविली. म्हणून "आपली पेढी नोंदलेली नाहीं, तुम्हांस कांहीं मागतां येणार नाहीं," असें कोणी सांगितल्यास तें अर्धवट खरें समजावें. मात्र हिशेबाच्या दाव्याची मुदत पेढी मोडल्यापासून तीनच वर्षें आहे. २००८ च्या कायद्यानें निघालेल्या मर्यादित जबाबदारीच्या भागीदाऱ्यांत, वेगळा करार नसल्यास, तंटा लवादाकडे जातो इतकेंच सांगून पुढें जातों.

खरी अडचण आहे ती खाजगी कंपनींत. येथें भागधारकास कंपनी मोडण्याची नोटीस देतां येत नाहीं, शेअर बाजारांत नेऊन विकतां येत नाहींत, आणि बाहेरच्यास विकूं म्हटलें तर नियमावलींत आडकाठी असते. लाभांश जाहीर करावा कीं नाहीं हें डायरेक्टर ठरवितात. डायरेक्टर बहुमतानें निवडले जातात, आणि बहुमत दिरांचें. नफा पगाराच्या व मोटारींच्या रूपानें डायरेक्टरांच्या घरीं जातो आणि धाकट्या पातीस वर्षाकांठीं छापील ताळेबंद तेवढा मिळतो. १८४३ सालीं इंग्लंडांत फॉस विरुद्ध हारबॉटल या खटल्यांत दोघा भागधारकांनीं तक्रार केली कीं, डायरेक्टरांनीं आपल्याच जमिनी कंपनीस चढ्या भावानें विकल्या. न्यायालयानें सांगितलें कीं, नुकसान कंपनीचें झालें, तेव्हां दावा कंपनीनें करावा. कंपनी म्हणजे कोण? तेच डायरेक्टर! हा नियम शंभर वर्षें अल्पसंख्याकांच्या छातीवर बसला होता. इंग्लंडांत १९४८ सालीं आणि आमच्याकडे १९५१ च्या दुरुस्तीनें त्यास पहिली मोठी वाट काढून देण्यांत आली. तीच वाट १९५६ च्या कायद्यांत ३९७ व ३९८ या कलमांनीं रुंद झाली आणि आज २०१३ च्या कायद्याच्या २४१ ते २४४ या कलमांत आहे. २०१६ च्या जूनपासून हीं प्रकरणें दिवाणी न्यायालयांत नव्हे तर राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणांत चालतात. त्याचें एक पीठ मुंबईस आहे.

एक उदाहरण घेऊं. तीन भावांच्या कारखान्याची खाजगी कंपनी आहे. शंभर रुपयांचे दहा हजार शेअर. पैकीं मधल्या भावाचे दोन हजार. तो वारला. थोरले दीर वहिनींस म्हणतात, "शेअर शंभराचे आहेत, आम्ही दुप्पट देतों, चार लाख घ्या." कागदावर हें औदार्यच दिसतें. परंतु ताळेबंदांत गंगाजळी १ कोटि ३० लाखांची आहे. म्हणजे भांडवल धरून पुस्तकी किंमत दर शेअरास १,४०० रुपये होते आणि वहिनींचा हिस्सा २८ लाखांचा ठरतो. पुढें पहावें तों कारखान्याची जमीन १९६८ सालीं घेतलेली, पुस्तकांत ३ लाखांस लिहिलेली, आणि आजचा बाजारभाव ४ कोटि. तो धरला तर शेअर ५,३७० रुपयांचा होतो, आणि वहिनींचा हिस्सा १ कोटि ७ लाख ४० हजारांचा. दुसरा तज्ज्ञ म्हणेल कीं, कारखाना विकावयाचा नाहीं, चालवावयाचा आहे; वर्षाचा निव्वळ नफा ४० लाख, त्याची आठपट करा. मग शेअर ३,२०० चा व हिस्सा ६४ लाखांचा. तिसरा त्यांतूनहि 'अल्प हिस्सा' म्हणून शेंकडा तीस कापून घेईल. चार लाख आणि एक कोटि यांमधील हें अंतर म्हणजे दोन मुलांचें शिक्षण, एक घर आणि म्हातारपणची बेगमी आहे. 'घरचींच माणसें' या तीन अक्षरी व चार अक्षरी शब्दांची किंमत इतकी देणें कोणासहि परवडणार नाहीं.

या वहिनींनीं प्रथम काय करावें? सही करूं नये, आणि भांडूंहि नये. पतीच्या शेअरांवर आपलें व मुलांचें नांव चढवून घ्यावें. डायरेक्टरांनीं नोंद नाकारली तर खाजगी कंपनीनें तीस दिवसांत सकारण कळविलें पाहिजे, आणि त्यावर न्यायाधिकरणाकडे दाद मागतां येते. तिचीहि मुदत थोडीच असते. 'नामनिर्देशन थोरल्यांच्या नांवें आहे' असें उत्तर आल्यास घाबरूं नये. नामनिर्देशित मनुष्य हा वारसांच्या वतीनें धरणारा असतो, मालक होत नाहीं, हें २०२३ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें शेअरांसंबंधानें स्पष्ट केलें आहे. इतकेंच नव्हे, तर ज्यांचीं नांवें अद्याप पुस्तकांत चढलीं नाहींत अशा वारसांसहि जुलुमाविरुद्ध अर्ज करतां येतो, असा निर्णय १९८९ चा आहे.

दुसरें काम म्हणजे वाचन. कंपनीची नियमावलि कोणीहि पैसे भरून सरकारी दप्तरांतून घेऊं शकतो, तसेच ताळेबंदहि. नियमावलींत शेअर विकण्याची रीत, प्रथम कोणास विचारावयाचें, आणि 'योग्य किंमत' कोणीं ठरवावयाची हें बहुधा लिहिलेलें असतें. कित्येकदां तेथें 'लेखापरीक्षक ठरवील ती किंमत' असें असतें. लेखापरीक्षक नेमणारे कोण, हें वाचकांनीं ओळखावें. घरांत पूर्वीं झालेला कौटुंबिक करार असल्यास तोहि काढावा. सभांचीं इतिवृत्तें व भागधारकांची नोंदवही पाहण्याचा भागधारकास हक्क आहे.

हिस्सा किती आहे याला येथें फार महत्त्व आहे. एकदशांश भाग ज्याच्याजवळ, त्यास विशेष सभा बोलावण्याची मागणी करतां येते, चौकशीसाठीं न्यायाधिकरणाकडे जातां येतें, आणि जुलुमाचा अर्जहि करतां येतो. चतुर्थांशाहून अधिक असल्यास विशेष ठराव अडवितां येतो, कारण त्यास तीनचतुर्थांश मतें लागतात. म्हणूनच चतुर थोरल्यांचा पहिला डाव हिस्सा पातळ करण्याचा असतो. नवे शेअर काढावयाचे, धाकट्यांनाहि प्रमाणांत देऊं करावयाचे, आणि तीस दिवसांच्या आंत पैसे मागावयाचे. वहिनींजवळ पैसे नाहींत हें सर्वांस ठाऊक असतें. भांडवल दुप्पट झालें कीं वीस टक्क्यांचे दहा होतात, आणि आणखी एकदां तसें केलें कीं पांच. खरी गरज नसतां केवळ सत्ता हातीं घेण्यासाठीं डायरेक्टरांनीं शेअर आपल्याच नांवें काढले तर ते रद्द होतात, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००४ चा स्पष्ट निर्णय आहे. परंतु अशी नोटीस आली कीं उत्तर त्याच आठवड्यांत लेखी दिलें पाहिजे, वर्षानें नव्हे.

एकदशांशाच्या मर्यादेचें महत्त्व टाटा सन्सच्या खटल्यानें सर्व देशास दाखविलें. २०१६ च्या ऑक्टोबरांत सायरस मिस्त्री यांस अध्यक्षपदावरून दूर करण्यांत आलें. त्यांच्या घराण्याच्या कंपन्यांजवळ सामान्य शेअरांचे अठरा टक्क्यांहून अधिक भाग होते. परंतु अग्रहक्काचे शेअर मिळवून एकूण भांडवल मोजलें तेव्हां तेच भाग एकदशांशाहून कमी भरले, आणि २०१७ सालीं पहिल्या पायरीवरच अर्ज फेटाळला गेला. अपिलांत अट माफ झाली, २०१९ च्या डिसेंबरांत निकाल त्यांच्या बाजूनें लागला, आणि २६ मार्च २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो फिरविला. पदावरून काढणें म्हणजे जुलूम नव्हे, आणि ही कंपनी म्हणजे भागीदारीचें रूपांतर नव्हे, असें न्यायालयानें म्हटलें. शेअरांचें मूल्य ठरवून वेगळें होण्याच्या मागणींतहि तें शिरलें नाहीं. चार वर्षें, देशांतील उत्तमोत्तम वकील, आणि हातीं कांहीं नाहीं! सामान्य घराण्यांनीं यावरून न्यायालयाचा नाद सोडावा असें आम्ही म्हणत नाहीं. पण काय सिद्ध करावें लागतें तें नीट पाहावें.

सिद्ध करावयाचें तें असें: कंपनीचा कारभार अर्जदारास जाचक किंवा कंपनीस विघातक अशा रीतीनें चालला आहे, आणि कंपनी गुंडाळणें न्याय्य ठरावें इतकी स्थिति आली असली, तरी गुंडाळल्यानें अर्जदाराचेंच अन्याय्य नुकसान होईल. १९६५ च्या कलिंग ट्यूब्सच्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, नुसता परस्परांवरील विश्वास उडाला एवढें पुरत नाहीं; वागणूक कठोर, जाचक व अन्यायाची असली पाहिजे आणि ती अर्ज करीपर्यंत चालू असली पाहिजे. मात्र घरगुती कंपन्यांस अनुकूल असा एक निराळा प्रवाह आहे. लंडनमधील वेस्टबोर्न गॅलरीज या इराणी गालिच्यांच्या दुकानांत दोन गृहस्थ बरोबरीचे भागीदार होते. १९५८ सालीं त्यांनीं त्याची कंपनी केली. पुढें एकाचा मुलगा आंत आला आणि बापलेकांचें बहुमत झालें. १९६९ सालीं त्यांनीं दुसऱ्यास डायरेक्टरपदावरून काढलें. लाभांश कधींच वांटला जात नसे, सर्व नफा डायरेक्टरांच्या वेतनांत जाई. म्हणजे त्याची मिळकतच बंद झाली. कायद्याच्या अक्षराप्रमाणें सर्व यथासांग होतें. तरीहि हाउस ऑफ लॉर्ड्‌सनें सांगितलें कीं, जेथें कंपनी परस्पर विश्वासावर उभी आहे, तेथें अक्षराच्या मागें असलेले करार विसरतां येत नाहींत, आणि कंपनी गुंडाळण्याचा हुकूम कायम केला. आमचीं न्यायालयें हें तत्त्व मानतात, परंतु जपून वापरतात. घराण्यांतील जुनीं पत्रें, 'तिघांनीं मिळून पाहावयाचें' असे उल्लेख, तिन्ही घरांत सारखे जाणारे पगार, हा पुरावा येथें सोन्याच्या मोलाचा ठरतो.

जुलूम सिद्ध झाला तर न्यायाधिकरणाचे अधिकार पुष्कळ आहेत. पण बहुतेक अर्जदारांस हवा असतो तो एकच, म्हणजे बहुमतवाल्यांनीं किंवा कंपनीनें आपले शेअर योग्य किंमतीस विकत घ्यावे असा हुकूम. ही किंमत कशी ठरावी? १९५८ सालीं हाउस ऑफ लॉर्ड्‌सपुढें एक स्कॉटिश प्रकरण आलें. बड्या सहकारी संस्थेनें आपल्याच हाताखालील कंपनीस माल देणें बंद करून तिचा धंदा मारला आणि अल्पभागधारकांचे शेअर कवडीमोल केले. न्यायालयानें ठरविलें कीं, जुलूम झाला नसता तर जी किंमत असती ती द्या; दर शेअरास ३ पौंड १५ शिलिंग. तसेंच, भागीदारीसारख्या कंपनींतून ज्यास नाइलाजानें बाहेर पडावें लागतें त्याच्या हिश्श्यावर 'अल्प हिस्सा' म्हणून कपात करूं नये, असें इंग्लंडांतील न्यायालयांनीं १९८० नंतरच्या दशकांत म्हटलें आहे. १९९९ चा तेथील एक निकाल मात्र उलट बाजूस सावध करतो: थोरल्यांनीं स्वतंत्र तज्ज्ञाच्या मूल्यमापनानें योग्य किंमत देऊं केली असतां ती नाकारून जो न्यायालयांत जातो, त्याचा अर्ज टिकत नाहीं. हे निकाल आमच्यावर बंधनकारक नाहींत, पण वकिलाच्या तोंडीं ते असावेत.

मोठ्या कंपन्यांत थोरल्यांस आणखी वाटा आहेत. नव्वद टक्के भाग ज्याच्या हातीं आले तो २३६ व्या कलमान्वयें उरलेल्यांचे शेअर नोंदणीकृत मूल्यमापकानें ठरविलेल्या किंमतीस घेऊं शकतो. आणि उरलेल्यांसहि 'आमचे घ्या' असें म्हणतां येतें. भांडवल कमी करण्याच्या मार्गानेंहि थोडक्यांस पैसे देऊन बाहेर काढतां येतें. पुण्याच्या सँडविक एशिया कंपनीनें तसें केलें, आणि २००९ सालीं मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठानें तें मान्य केलें. अशा ठिकाणीं 'मला राहावयाचें आहे' हा हट्ट चालत नाहीं. भांडण किंमतीचेंच करावें.

करारपत्रांत लवादाचें कलम असेल तर जुलुमाचा अर्ज बाद होतो काय? मुंबई उच्च न्यायालयानें २०१४ सालीं नाहीं असें म्हटलें आहे. मात्र साध्या कराराच्या तंट्यास जुलुमाचा वेष घातल्यास तो लवादाकडे पाठविला जाईल. अर्जाची मुदत साधारणतः तीन वर्षें धरून चालावें. न्यायाधिकरणाच्या निकालावर ४५ दिवसांत अपील होतें. प्रकरण चालू असतां केव्हांहि मध्यस्थाकडे जाण्याची सोय ४४२ व्या कलमांत आहे, आणि आमच्या मतें घराण्यांनीं ती पहिल्या तारखेलाच मागावी. अर्ज दाखल झाल्यानंतरची तडजोड अर्जापूर्वींच्या तडजोडीहून पुष्कळदां बरी होते, हें कटु असलें तरी खरें आहे.

शेवटीं सही करण्याची वेळ आलीच, तर दोन गोष्टी लोकांच्या हमखास निसटतात. कारखान्याच्या कर्जासाठीं बँकेस दिलेली वैयक्तिक हमी शेअर विकल्यानें सुटत नाहीं. मृत पतीनें दिलेल्या हमीखालीं त्याच्या मृत्यूपूर्वींचें कर्ज असेल, तर तें त्याच्या मिळकतीवर राहतें. म्हणून पैसे हातीं येण्याच्याच दिवशीं बँकेचें मुक्ततेचें पत्र घ्यावें. भागीदारी असेल तर निवृत्तीची जाहीर सूचना सरकारी गॅझेटांत व एका देशी भाषेच्या वर्तमानपत्रांत द्यावी, आणि पेढी नोंदलेली असल्यास निबंधकासहि कळवावें; नाहींपेक्षां आपण बाहेर पडल्यानंतर थोरल्यांनीं केलेल्या कर्जाचा सावकार आपल्याच दारांत उभा राहूं शकतो.